नागोठण्याची खाडी आणि तिच्या वाटा

नागोठणे गावालगत अंबा नदीवर एक जुना दगडी पूल आहे. मुंबईहून कोकणात निघालेला प्रवासी वाट वाकडी करून तो पाहायला सहसा जात नाही. पेण गेले, वडखळचा नाका गेला, आता कोलाड कधी येते एवढेच त्याच्या मनात असते. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या कुलाबा-जंजिरा गॅझेटियरने मात्र या पुलाची सविस्तर दखल घेतली आहे. चौलच्या काझी अलाउद्दीन याने तो १५८२ च्या सुमारास तीन लक्ष रुपये खर्चून बांधला, अशी परंपरागत माहिती तेथे दिली आहे. पुलाची लांबी सुमारे ४८० फूट, आणि दोन कठड्यांमधील रुंदी मात्र दहा फुटांहूनही कमी. चाकाची गाडी यावरून जेमतेमच जाऊ शकते, असा शेराही गॅझेटियरकर्त्यांनी मारला आहे. त्या शेऱ्यात साहेबी तक्रारीचा सूर आहे. वास्तविक ही अरुंदी हा त्या पुलाचा दोष नसून त्याच्या काळाची साक्ष आहे. हा पूल गाड्यांसाठी बांधलेलाच नाही. तो लादलेल्या बैलांच्या तांड्यांसाठी, घोडेस्वारांसाठी आणि पायी चालणाऱ्या फौजेसाठी आहे.

ही फौज कोणाची व ती कोठे निघाली होती, हे पुलाच्या सालावरून ताडता येते. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने पोर्तुगीजांच्या ताब्यातील चौलला वेढा घातला आणि त्याला तो उठवावा लागला. पुढे १५९४ मध्ये कोर्लईच्या टेकडीवरून निजामशाही सैन्याला दुसऱ्यांदा हार पत्करावी लागली. १५८२ हे साल या दोहोंच्या मध्ये येते. घाटमाथ्यावरून उतरून चौलकडे जाणाऱ्या निजामशाही फौजांना पावसाळ्यानंतरही भरलेली अंबा नदी ही मोठी अडचण होती. चौलच्या काझीला हा पूल बांधावासा वाटला त्यामागे धर्मकार्याइतकीच लष्करी व व्यापारी निकडही असणार, असे मला वाटते. पुढे तोफा इतिहासजमा झाल्या, निजामशाही बुडाली, चौलचे बंदर गाळाने भरले. पूल तेवढा राहिला.

परंतु नागोठण्याचा इतिहास पुलापासून सुरू होत नाही. तो पाण्यापासून सुरू होतो. अंबा नदी खोपोली-खंडाळ्याच्या बाजूच्या डोंगरांत उगम पावते आणि जांभूळपाडा, पाली यांच्या परिसरातून वाहत नागोठण्याला येते. (शिवाजी महाराजांनी २ फेब्रुवारी १६६१ रोजी कारतलबखानाला जेथे कोंडले ती उंबरखिंड याच नदीच्या वरच्या अंगाला आहे.) नागोठण्यापर्यंत समुद्राच्या भरतीचे पाणी चढते. तेथून पुढे नदीची खाडी होते आणि धरमतर, रेवस करीत ती मुंबईच्या बंदराच्या तोंडाशी समुद्राला मिळते. नागोठणे हे असे भरतीच्या शेवटच्या टोकाला वसलेले गाव आहे. समुद्रातून आलेले तारू जेथवर येऊ शकते आणि जेथून पुढे बैलाच्या पाठीवर किंवा माणसाच्या डोक्यावर ओझे चढवावेच लागते, अशा ठिकाणी गाव वसते. कोकणातील महाड, रोहे, पनवेल, पेण यांच्या जन्मपत्रिका साधारण अशाच आहेत. पेण स्वतः खाडीवर नाही. त्याचे बंदर जवळच अंतोरे येथे होते. रोह्याची कुंडलिका मात्र रेवदंड्याकडे, म्हणजे चौलकडे वाहते. हा भेद वरकरणी भूगोलाचा वाटला तरी त्यावर गावांची नशिबे ठरली. जोवर चौल हे पश्चिम किनाऱ्यावरचे मोठे बंदर होते तोवर कुंडलिकेच्या काठच्या रोहे-अष्टमीला महत्त्व होते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इंग्रजांच्या हाती येऊन वाढू लागली आणि मुंबईच्या दारात उघडणारी अंबेची खाडी वरचढ ठरली. नागोठणे व रोहे यांच्यामध्ये भिसे खिंडीची एक चढण काय ती आहे. पण एका गावाचे पाणी जुन्या बंदराकडे जात होते, तर दुसऱ्याचे नव्या शहराकडे.

याची दोन उदाहरणे एकाच दशकातील आहेत. मे १६७४ मध्ये हेन्री ऑक्झिंडेन हा इंग्रज वकील शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी मुंबईहून निघाला. त्याचा मार्ग पाहावा : मुंबईहून समुद्रमार्गे चौल, तेथून होडीने खाडीतून अष्टमी, मग जमिनीवरून निजामपूर आणि रायगडचा पायथा पाचाड. अष्टमीचा उच्चार साहेबाच्या लेखणीतून 'एस्थेमी' असा काहीसा उतरला आहे. राज्याभिषेकाचा जो वृत्तान्त आपण शालेय पुस्तकांतून वाचतो त्यातील बराचसा तपशील या वकिलातीच्या रोजनिशीतून आला आहे. मात्र वकिलाला तेथवर कोणत्या तांडेलाने नेले, अष्टमीच्या धक्क्यावर त्याचे सामान कोणी उतरवले, याची नोंद त्या रोजनिशीत असण्याचे कारणच नव्हते.

दुसरे उदाहरण १६७९ चे. महाराजांच्या हुकमाने खांदेरी बेटावर तटबंदीचे काम सुरू झाले आणि मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली. इंग्रजांच्या कालगणनेनुसार १८ ऑक्टोबर १६७९ रोजी खांदेरीजवळ मराठी व इंग्रजी आरमारांची गाठ पडली. 'डव्ह' नावाची गुराब मराठ्यांच्या हाती लागली. कॅप्टन केग्विनच्या 'रिव्हेंज' या जहाजाने मात्र टिकाव धरला. त्यानंतर मराठी आरमार मागे फिरले ते नागोठण्याच्या खाडीत. इंग्रजी जहाजे खाडीच्या तोंडाशी पहारा देत राहिली, कारण त्यांच्या अवजड बुडाला आतले उथळ पाणी मानवणारे नव्हते. वल्ह्यांवर चालणारी मराठी गलबते मात्र रात्री, भरतीच्या बेताने बाहेर पडत आणि खांदेरीला रसद पोहोचवीत. या चकमकींची वर्णने बहुधा शौर्यकथांच्या अंगाने केली जातात, आणि शौर्य त्यात होतेच. तथापि खाडीच्या अंतरंगाचे जे ज्ञान त्यामागे होते ते येथल्या कोळी-भंडाऱ्यांचे होते. कोठे गाळ आहे, उधाणाला पाणी किती चढते, भांगाच्या दिवसांत कोणत्या वळणावर होडी रुतते, हे नकाशात नव्हते. ते पिढीजात होते.

नागोठण्याच्या लिखित इतिहासात त्याआधीही एक जळिताची नोंद आहे. १५२९ मध्ये हेक्टर दा सिल्व्हेरा हा पोर्तुगीज सरदार नागोठण्याच्या नदीतून आत शिरला आणि गुजरातच्या सुलतानाच्या अमलातील सहा गावे त्याने जाळली. नागोठण्याच्या अधिकाऱ्याने त्याची परतीची वाट अडवण्याचा प्रयत्न केला, तो फसला. म्हणजे या खाडीतून भात, मीठ व माणसे जशी बाहेर गेली तशीच संकटेही आत आली.

मिठाचा उल्लेख आलाच आहे तर थोडे थांबले पाहिजे, कारण पेणच्या खाडीकाठाचे खरे नाणे मीठच होते. पेण तालुक्यातील मिठागरांचे मीठ आणि खारेपाटातील भात हे दोन जिन्नस या बंदरांतून हलत. मीठ वंजाऱ्यांच्या बैलांवरून बोरघाट चढून देशावर जाई आणि परतीला देशावरचा माल खाली येई. १८३० मध्ये बोरघाटात गाडीरस्ता झाला तेव्हा या व्यापाराला उधाण आले. १८६३ मध्ये त्याच घाटातून आगगाडी धावू लागली तेव्हा त्याच व्यापाराला ओहोटी लागली. खारेपाट हा शब्द पुण्या-मुंबईच्या वाचकांना कदाचित परका असेल. खाडीचे खारे पाणी बांध घालून अडवायचे, पावसाच्या गोड्या पाण्याने जमीन वर्षानुवर्षे धुवायची आणि मग तीत भात पिकवायचे, अशा कष्टाने मिळवलेली ती जमीन. बांध फुटला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आगरी समाजाने ती पिकवली आणि खोतांनी ती खाल्ली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. याच खाडीच्या पट्ट्यातील चरी गावाच्या कुळांनी १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमीन न पिकवण्याचा संप केला आणि तो सुमारे सहा वर्षे चालवला. बंदरावरच्या भाताच्या राशींकडे पाहताना हे विसरता येत नाही.

आगबोटींच्या काळात खाडीचे रूप पालटले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईहून रेवस-धरमतरकडे आगबोटी येऊ लागल्या. महाबळेश्वरला हवा खायला जाणारा साहेब पूर्वी बाणकोटहून सावित्रीच्या खाडीने महाडला जाई. पुढे नागोठण्याला किंवा धरमतरला उतरून कोलाड, माणगाव, महाड, पोलादपूर या रस्त्याने जाण्याची सोय झाली. १८७६ मध्ये फिट्झगेराल्ड घाट, म्हणजे आजचा आंबेनळी घाट, तयार झाल्यावर ही वाट पक्की झाली. या साहेबी वाहतुकीचे आयुष्य थोडेच होते. पुण्याकडील रेल्वे आणि वाईचा रस्ता यांनी ती लवकरच पळवली. आजचा मुंबई-गोवा महामार्ग नागोठण्यापासून पोलादपूरपर्यंत जवळजवळ त्याच रेषेवरून जातो, एवढा तिचा वारसा.

मोठ्या बोटींना वर नागोठण्यापर्यंत येण्यापेक्षा धरमतर सोयीचे होते. त्यामुळे विसाव्या शतकात धरमतर हेच कुलाबा जिल्ह्याचे प्रवेशद्वार बनले. जुन्या मराठीत 'तर' म्हणजे नदी उतरून नेणारी होडी. धरमतर या नावातच ती ऐकू येते. मुंबईची गिरणी सुटली की गणपतीला किंवा शिमग्याला गावी निघालेला चाकरमानी बोटीने धरमतरला उतरे आणि तेथून मोटारीने पेण, नागोठणे, माणगाव, महाडकडे जाई. मोटारी खाजगी होत्या, मालकांच्या मर्जीवर चालत आणि माणसे कोंबून भरत. एसटीचा जन्म अजून व्हायचा होता.

या मर्जीचा खरा अर्थ १९२७ च्या डिसेंबरात उघड झाला. त्या वर्षी २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले होते. डिसेंबरच्या अखेरीस तेथे सत्याग्रह परिषद भरायची होती. मुंबईहून महाडला जाण्याचा रुळलेला मार्ग म्हणजे बोटीने धरमतर आणि तेथून मोटार. परंतु सत्याग्रहींना नेऊ नये असा चंग सनातनी मंडळींनी मोटारवाल्यांच्या मदतीने बांधला. तेव्हा बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी २४ डिसेंबरला 'पद्मावती' बोटीने खुल्या समुद्रातून निघाले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सावित्रीच्या खाडीतील दासगाव बंदराला लागले. तेथून महाडपर्यंत ते मिरवणुकीने चालत गेले. त्याच दिवशी, २५ डिसेंबर १९२७ रोजी, महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. परिषदेला मांडवासाठी जागा मिळू नये असेही प्रयत्न झाले होते. ती अखेर फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने दिली.

महाडच्या इतिहासात तळ्याला जे स्थान आहे ते न्याय्यच आहे. पण तळ्यावर पोहोचण्याआधीच धरमतरच्या धक्क्यावर दुसरी एक बंदी उभी होती, याकडे आपले लक्ष क्वचित जाते. दळणवळणाच्या इतिहासात आपण सडका किती मैल वाढल्या आणि मोटारी कोणत्या साली आल्या एवढेच मोजतो. सडक सरकारची असली तरी मोटारीचे दार कोणासाठी उघडायचे हे मोटारवाला ठरवीत असे, आणि मोटारवाल्याला गाव सांगत असे. खाडीची वाट तुलनेने मोकळी होती असेही समजण्याचे कारण नाही. होडीत कोणी कोठे बसायचे याचे नियम तेथेही होतेच. फरक एवढाच की बोटीला दुसरे बंदर शोधता आले. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली आणि पुढे खाजगी मोटारींची मक्तेदारी मोडत गेली. एसटीच्या खिळखिळ्या गाड्यांवर विनोद करण्याची आपल्याकडे प्रथा आहे. तिकीट काढील त्याला जागा, हे तत्त्व या रस्त्यावर तिनेच आणले, हे त्या विनोदात हरवते.

खाडीकाठच्या आणखी एका समाजाची गोष्ट येथे सांगितली पाहिजे. पेणकर, रोहेकर, अष्टमकर, चौलकर अशी आडनावे वाचली की आपल्या डोळ्यांसमोर कोकणस्थ किंवा प्रभू घराणी येतात. ही आडनावे बेने इस्रायलांचीही आहेत. या समाजाने शतकानुशतके या खेड्यांत तेलघाणे चालवले. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. अठराव्या शतकाच्या मध्यापासून ते मुंबईस जाऊ लागले. पलटणीत भरती झाले, सुतारकाम, कारकुनी, शिक्षकी करू लागले. १९४८ नंतर बहुसंख्य इस्रायलला गेले. पेणला त्यांचे १८६३ मधील प्रार्थनामंदिर आहे. दक्षिण इस्रायलमधील एखाद्या दारावर आज 'अष्टमकर' अशी पाटी असेल तर ती कुंडलिकेच्या काठच्या एका धक्क्याची आठवण आहे, हे तेथील नातवंडांना कळणार कसे, असा प्रश्न पडतो. आपल्याकडच्या नातवंडांना तरी ते कोठे ठाऊक आहे?

बोटींचा काळ संपत आला त्या सुमारास या पाण्यावर मोठा घाला पडला. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ, भर पावसात, बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. आषाढी अमावास्येच्या तोंडावर घरी निघालेले गिरणी कामगार, छोटे व्यापारी, बायकामुले त्यात होती. स्वातंत्र्य महिन्यावर आले होते, फाळणीच्या बातम्यांनी वर्तमानपत्रे भरली होती, त्या गर्दीत हे दुःख राष्ट्राने फारसे ऐकले नाही. अलिबाग-पेणच्या खाडीपट्ट्यात मात्र 'रामदास' हा शब्द पुढे कितीतरी वर्षे केवळ संताचे नाव राहिला नाही.

पुढचा इतिहास रस्त्यांचा आहे आणि तो बहुतेकांना ठाऊक आहे. १९७३ मध्ये वाशीचा पूल झाला आणि मुंबईहून पनवेलमार्गे पेणला जाणे बोटीपेक्षा सोपे झाले. रेल्वे आपट्याहून पुढे सरकत १९८० च्या दशकात पेण, कासू, नागोठणे करीत रोह्याला पोहोचली. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले ते रोह्याच्या पुढे रूळ नेण्यासाठी, आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला. चौलच्या ऱ्हासाबरोबर मागे पडलेले रोहे असे तीनेकशे वर्षांनी पुन्हा एका मार्गाचे आरंभस्थान झाले, आणि या वेळी कुंडलिकेचा त्यात काही हात नव्हता. नागोठण्याला पेट्रोरसायनांचा कारखाना आला, धरमतरजवळ डोलवीला पोलादाचा. दरम्यान जिल्ह्याचे नावही कुलाब्याचे रायगड झाले (१९८१), आणि पूर्वी पेण तालुक्यात मोडणारे नागोठणे आज रोहे तालुक्यात आहे.

नदीने आपला हक्क अधूनमधून बजावला. जुलै १९८९ मध्ये अंबेला आलेल्या महापुराने जांभूळपाडा उद्ध्वस्त केले आणि नागोठण्यातही हाहाकार उडवला. २००५ च्या जुलैतही तिने गाव बुडवले. काझीचा पूल दोन्ही वेळा उभा राहिला. याच महामार्गावर महाडजवळचा सावित्रीवरील १९२८ मधला पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एसटी गाड्या व इतर वाहनेही गेली. चारशे वर्षांचा पूल टिकला आणि नव्वदीच्या आतला कोसळला, यावरून जुने ते सोने असा निष्कर्ष काढण्याचा मोह टाळावा. एकावरून बैल गेले, दुसऱ्यावरून अवजड मालमोटारी. मात्र जुन्या पुलाची नियमित तपासणी कोण करतो, हा प्रश्न दोन्ही ठिकाणी सारखाच आहे. महामार्गाबद्दल तर बोलायलाच नको. पनवेल ते इंदापूर या सुमारे ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाला २०११ मध्ये सुरुवात झाली आणि दशक उलटले तरी गणपतीच्या आधी खड्ड्यांच्या बातम्या येतच राहिल्या. त्या काळात मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारींसह नेणारी रो-रो बोट सुरू झाली, तेव्हा अनेकांनी ती नवी कल्पना म्हणून वाखाणली.

धरमतरला आजही तराफे येतात. कोळसा आणि लोहखनिज घेऊन ते भरतीची वेळ साधतात. माणसे मात्र त्या वाटेने येत नाहीत, आणि नागोठण्याच्या बंदरावर मुंबईचा पडाव लागलेला पाहिलेली पिढी आता ऐंशीच्या पुढे गेली आहे. गॅझेटियरने पुलाची लांबी-रुंदी मोजून ठेवली. बंदरावरचे हमालीचे दर, व्यापाऱ्यांच्या आवक-जावकीच्या वह्या, तांडेलांची घराणी, कोणाला होडीत घेत आणि कोणाला काठावर ठेवत, हे कोणी मोजलेले नाही. पेण, नागोठणे, रोहे, अष्टमी येथील जुन्या घरांच्या माळ्यांवर अशा मोडीतल्या वह्या असण्याचा बराच संभव आहे. घरे पाडून इमारती उठत आहेत आणि वह्या रद्दीत जात आहेत. ज्या वाचकांची घरे या गावांत असतील त्यांनी माळा रिकामा करण्यापूर्वी एकदा त्या उघडून पाहाव्यात. मोडी वाचणारी माणसे मिळतात. आम्हीही शोधून देऊ.